एकच ओटा, एकच सिंक

पत्र ठाण्याहून आले आहे. पत्रलेखिका बेने इस्राएल या कोकणातल्या मराठी ज्यू समाजातील असून त्या लिहितात: ‘माझा मुलगा, सून आणि दोन लहान नातवंडे येत्या महिन्यात इस्राएलमधील अश्दोदहून येत आहेत आणि मुलाच्या कामानिमित्त दोन वर्षे आमच्याकडेच राहणार आहेत. सून इस्राएलमध्येच जन्मली आणि वाढली. तिच्या माहेरी मराठी बोलतात. तिने फोनवर अगदी नम्रपणे सांगितले, की आपल्याकडे मटणाची आणि दुधाची भांडी वेगळी नाहीत, त्यामुळे आहे त्या भांड्यांत शिजवलेले आम्हाला खाता येणार नाही. मला रडू आले. आम्ही मटण-कोंबडी समाजाच्या शोहेतकडूनच, म्हणजे धर्मरीतीने जनावर कापणाऱ्याकडूनच, घेतो. मटणाच्या ताटात दही-दूध माझ्या आईने कधी वाढले नाही आणि मीही नाही. भांडी मात्र पहिल्यापासून एकच. ज्या घरात माझी मुले वाढली ते घर अपवित्र होते का? आणि आमचे स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट. एक ओटा, चार बर्नरची एक शेगडी, एक सिंक, एक फ्रिज, एक कुकर, एक मिक्सर. यजमान रात्री दहीभाताशिवाय जेवत नाहीत. भांडी घासायला बाई येते. एवढ्याशा जागेत मी दोन स्वयंपाकघरे कशी बसवू?’

आदरणीय ताई,

आपल्या दोन प्रश्नांपैकी जागेचा प्रश्न सोपा आहे. म्हणून अवघड प्रश्नापासून सुरुवात करते.

आपले घर अपवित्र नव्हते आणि आपली सूनही तसे म्हणत नाही. आपण महाराष्ट्रात वाढलो. आपल्या शेजारीपाजारी ज्या घरांत मटणाची भांडी वेगळी ठेवतात, माळ्यावर ठेवतात, कधी मागच्या अंगणातच मटण शिजवतात, तिथे वेगळेपणाचा अर्थ एकच असतो: मटण हे ओवळे आणि बाकीचे घर सोवळे. त्यामुळे ‘तुमची भांडी मला चालणार नाहीत’ हे वाक्य मराठी कानाला फार लागते. मात्र आपल्या धर्मशास्त्रातील हा नियम त्या जातीचा नाही. रीतीने कापलेले आणि मीठ लावून रक्त काढलेले मटण शुद्ध आहे आणि दूधही तितकेच शुद्ध आहे. दोहोंत उच्च-नीच नाही. निषेध आहे तो केवळ त्यांच्या मिसळण्याला. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे वचन तोरामध्ये, म्हणजे आपल्या मूळ धर्मग्रंथात, तीन वेळा येते, दोनदा ‘निर्गम’ या पुस्तकात आणि एकदा ‘अनुवाद’ या पुस्तकात, आणि आपल्या विद्वानांनी त्या तीन उल्लेखांतून तीन गोष्टी काढल्या: मांस आणि दूध एकत्र शिजवायचे नाही, एकत्र शिजलेले खायचे नाही, आणि त्यापासून कसलाही लाभ घ्यायचा नाही. कोंबडीला तर आईचे दूध नसतेच, तरीही घोटाळा होऊ नये म्हणून विद्वानांनी तिलाही या नियमात घेतले. मासे आणि अंडी मात्र यातून बाहेर राहिली. त्यांना ‘पार्वे’ म्हणतात, म्हणजे ना मांसाचे ना दुधाचे.

आपल्या आईने आणि आपण या नियमाचा मूळ गाभा पाळला आहे. कोकणात आपले पूर्वज शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रामदिवशी, घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, आणि पर व खवले असलेलेच मासे ते निवडत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांनी मटणाच्या रश्शाला दाटपणा आणला तो दह्याने किंवा सायीने नव्हे, नारळाच्या दुधाने. ही सवय काही लहान नाही. भांडी वेगळी ठेवण्याचा तपशील मात्र अनेक घरांत राहून गेला. सूनबाईंच्या मागणीने आपल्या आईच्या हातच्या अन्नाला दोष लागत नाही. आईने जिथवर आणून सोडले तिथून पुढचे पाऊल आता टाकायचे आहे, एवढेच.

आता भांडीच का वेगळी हवीत, ते समजून घेऊ. कारण ते एकदा समजले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने भांडे चव पिते. पातेल्यात मटण उकळले की त्याची चव धातूत मुरते आणि त्याच पातेल्यात पुढे दूध तापवले की ती चव दुधात उतरते. ही देवाणघेवाण घडवून आणणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन आहेत: उष्णता, तिखट-उग्र पदार्थ, आणि चोवीस तास द्रवात भिजत राहणे. थंड, कोरडी, स्वच्छ वस्तू दुसऱ्या थंड, कोरड्या, स्वच्छ वस्तूला लागली तर धुऊन टाकले की काम भागते. म्हणूनच आपल्याला दोन स्वयंपाकघरे लागणार नाहीत. जिथे आच आहे, जिथे वाफ आहे, जिथे लसूण-कांदा-मिरची चिरली किंवा वाटली जाते, तिथे वस्तू वेगळ्या हव्यात. उरलेल्या ठिकाणी नीटनेटकेपणा पुरतो.

माझा आपल्याला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा, की स्वयंपाकघराची निम्मी-निम्मी वाटणी करू नका. इस्राएलमधील नियम पाळणाऱ्या अनेक घरांत दोन सिंक आणि दोन ओटे असतात, लाल खूण मांसाची आणि निळी दुधाची अशी पद्धत असते, आणि ते पाहिलेल्या माणसाला वाटते की आपणही ओट्यावर मधोमध रेघ ओढली पाहिजे. मराठी घराचा दिवस मात्र वेगळा असतो. सकाळी दूध तापते, चार वेळा चहा होतो, विरजण लागते, भातावर तूप पडते, मुलांच्या हातात दुधाचा पेला असतो. मटण-कोंबडी बहुतेक घरांत शुक्रवारी रात्री आणि शनिवारी दुपारी, फार तर आणखी एखाद्या दिवशी. तेव्हा घर दुधाचे आणि पार्वेचे ठेवा आणि मटणाला पाहुणा करा. मटणाचा एक छोटा संच करा: एक तीन लिटरचा कुकर, एक पातेले, एक कढई, दोन पळ्या, एक झारा, एक सुरी, एक कापायची फळी, माणसे असतील तितकी ताटे-वाट्या-चमचे, एक घासणी आणि एक पुसायचे फडके. हे सारे एका बंद कपाटात किंवा झाकणाच्या पेटीत राहू द्या. पाहुणा आला की बाहेर काढायचे, गेला की आत. आठ फूट बाय सात फुटांच्या खोलीत जागा विभागता येत नाही, पण वेळ विभागता येते.

शेगडीची चिंता करू नका. जाळ लागत असल्यामुळे जाळ्यांवर सांडलेले जळून जाते आणि एकच शेगडी दोन्हींना वापरणे सर्वत्र रूढ आहे. तरीही डावीकडचे दोन बर्नर मटणाला आणि उजवीकडचे दोन दुधाला, असे ठरवून टाकले तर हाताला वळण लागते. पथ्य एकच, की मटण आणि दूध एकाच वेळी शेजारी शेजारी उघडे उकळू द्यायचे नाही. हे मी स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगावरून सांगते. लग्नाला वर्षही झाले नव्हते. शुक्रवारची दुपार, एका बाजूला मटण रटरटत होते, दुसऱ्या बाजूला दूध. मी वळून कोथिंबीर निवडायला घेतली आणि दूध उतू गेले. पातेल्याच्या कडेवरून फेस उडाला आणि दोन थेंब मटणाच्या पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला चर्र करून चिकटले. सासूबाईंनी काही न बोलता गॅस बंद केला आणि नवऱ्याला सिनेगॉगच्या (प्रार्थनामंदिराच्या) हज्जानांकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांकडे, पाठवले. त्यांनी निरोप आणणाऱ्यालाच उलट प्रश्न विचारले: थेंब रश्श्याच्या पातळीच्या खाली पडले की वर? झाकण होते का? पातेल्यात मटण आणि रस्सा मिळून किती होता? त्या वेळी मला या प्रश्नांचा अर्थ कळला नाही. नंतर कळले, की थेंब अन्नाच्या पातळीला लागला असेल आणि आतले अन्न त्या थेंबाच्या साठपट असेल, तर त्याची चव लोपली असे शास्त्र मानते. आमचे मटण वाचले. तेव्हापासून मटण शिजत असताना माझ्याकडे दूध तापत नाही. दूध आधी तापवून, झाकून, बाजूला ठेवलेले असते. आपणही एवढा क्रम लावून घ्या.

कुकर मात्र दोन हवेतच. यात तडजोड सुचवायला माझ्याकडे जागा नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते. ती झाकणात, शिट्टीत आणि विशेषतः रबरी रिंगमध्ये मुरते, आणि ती रिंग कितीही घासली तरी तिला मटणाचा वास राहतो हे आपण दोघी जाणतो. सध्याचा मोठा कुकर वरण-भातासाठी ठेवायचा असेल तर त्याचे काय करायचे ते पुढे सांगते. त्याची रिंग मात्र नवी घ्या, ती स्वस्त असते. वरण-भाताचा कुकर शक्यतो पार्वे ठेवा, म्हणजे त्यात दूध, तूप, मटण काहीच जाणार नाही. वरणाला फोडणी तेलाची द्या आणि तूप ज्याचे त्याने ताटात घ्यावे. मग तोच वरण-भात मंगळवारी तुपाबरोबर आणि शनिवारी रश्श्याबरोबर चालतो आणि आपले अर्धे काम वाचते.

मिक्सरकडे फार लक्ष द्या, कारण इस्राएलमध्ये वाढलेल्या सुनेलाही आपल्या वाटणाचा विचार सुचला नसेल. शास्त्रात उग्र पदार्थांचा नियम आहे. मुळा मांसाच्या सुरीने चिरला तर तो त्या सुरीतली चव ओढून घेतो, असे तिथे म्हटले आहे. कांदा, लसूण यांना हाच नियम लागतो. एरवी थंड वस्तू चव ओढत नाही, पण उग्र पदार्थ आणि पात्याचा दाब एकत्र आले की ओढतो. आता आपला ओल्या वाटणाचा जार डोळ्यांसमोर आणा: ओले खोबरे, लसणीच्या दहा पाकळ्या, मिरच्या, आले, कोथिंबीर. याच जारमध्ये काल मटणाचे हिरवे वाटण शिजलेल्या रश्श्याच्या पळीने ढवळले असेल आणि आज ताक घुसळले जाणार असेल, तर तो जार दोन्हीकडचा होऊन बसतो. मिक्सरबरोबर बहुधा तीन जार येतात. एक वाटणाचा, तो कायम पार्वे. त्यात मटणाचा तुकडा किंवा उष्टी पळी जाणार नाही आणि दहीही जाणार नाही. दुसरा ताक-लस्सीचा. तिसरा कोरड्या मसाल्याचा, तोही पार्वे. मोटारीचे खालचे यंत्र एकच राहू द्या, ते फक्त पुसून घेत जा. खिमा करायचा असेल तर मटणाच्या संचात एक सुटा जार वाढवा. विळीचेही असेच. विळी कांद्या-भाजीची ठेवा आणि मटण तिच्यावर आणू नका. मटणाला त्याची सुरी आहे. आणि मसाल्याचा डबा उकळत्या पातेल्याच्या वाफेवर उघडा धरू नका. आधी लागेल तेवढा मसाला वाटीत काढून घ्या, मग डब्याचे झाकण लावून शेगडीकडे या.

सिंकविषयी. एकच सिंक असेल तर त्याला दुधाचेही मानू नये आणि मांसाचेही. त्याच्या तळाला काहीच टेकू द्यायचे नाही. दोन वेगळ्या रंगांचे प्लास्टिकचे टब घ्या आणि ज्या वेळी जी भांडी असतील ती त्यांच्या टबात ठेवून घासा. मटणाचे गरम पाणी किंवा गरम रस्सा सिंकमध्ये ओतू नका, आधी निवू द्या. रात्रीची भांडी पाण्यात बुडवून दुसऱ्या रात्रीपर्यंत ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा, कारण चोवीस तासांचे भिजणे शिजण्यासारखेच धरले जाते. आपल्या घराला स्वयंपाकघरालगतची ड्राय बाल्कनी असेल आणि तिथे नळ असेल, तर प्रश्न जवळजवळ सुटलाच: मटणाची भांडी तिथे आणि बाकीची आत. आपल्याकडे भांडी थंड पाण्याने घासतात, हे इथे फार सोयीचे पडते. तिकडे नळाला गरम पाणी असते म्हणून तिथले लोक या बाबतीत अधिक धास्तावलेले असतात.

भांडी घासणाऱ्या बाईंना हे समजावण्यासाठी शास्त्र सांगत बसू नका. त्यांना कपाट दाखवा, लाल घासणी दाखवा, आणि सांगा की या कपाटातली भांडी याच घासणीने आणि याच टबात. पहिले दोन आठवडे मटणाची भांडी आपण किंवा सूनबाईंनी घासावीत हे उत्तम. चूक झाली, मटणाचा चमचा दुधाच्या चमच्यांत थंड पाण्याखाली घासला गेला, तर घाबरून तो फेकू नका आणि बाईंवर रागावूही नका. बाजूला ठेवा आणि विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘पुन्हा स्वच्छ धुवा’ एवढेच येते.

फ्रिजबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. मटण खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, म्हणजे बर्फ वितळताना त्याचे पाणी दह्यावर गळणार नाही. मायक्रोवेव्ह असेल तर तो दुधाचा धरा आणि मटण गॅसवर गरम करा.

आता घरात असलेल्या भांड्यांविषयी, कारण आपल्या मनात खरी धास्ती तीच असावी, की एवढा संसार टाकून द्यायचा का. अजिबात नाही. धातूचे भांडे शुद्ध करता येते. भांडे सांध्या-कोपऱ्यांतून, कानांच्या खिळ्यांपर्यंत घासायचे, चोवीस तास वापरायचे नाही, मग मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळत असताना त्यात ते पूर्ण बुडवायचे आणि लगेच थंड पाण्याखाली धरायचे. स्टीलची पातेली, डाव, पळ्या, कुकरचे भांडे यांना ही रीत लागू पडते. लोखंडी तवा आचेवर लालबुंद तापवून घेतात. मातीच्या भांड्याला मात्र उपाय नाही. तोरातील लेवीयाच्या पुस्तकातच मातीचे भांडे फोडावे असे आले आहे, आणि चिनी मातीची ताटेही त्यातच मोडतात. ती मटणाच्या संचात नका घेऊ, शोभेची असतील तर शोभेसाठी ठेवा. नॉनस्टिक तव्याला तापवून शुद्ध करायला गेलात तर तो जाईल, म्हणून तो बदलावा. काचेविषयी आपल्या सोयीची गोष्ट अशी, की सोळाव्या शतकात रब्बी (धर्मगुरू) योसेफ कारो यांनी सिद्ध केलेल्या आणि १५६५ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘शुल्हान आरूख’ या धर्मनियमांच्या ग्रंथात काच चव पीत नाही, तिला धुणे पुरे, असा निर्णय आहे, आणि आपल्या समाजाची प्रार्थना-रीत ज्या सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, परंपरेशी जोडलेली आहे तिच्यात तो मानला जातो. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपाकडच्या ज्यूंच्या, घरांत काचेबाबत अधिक कडक असतात. म्हणून सूनबाईंच्या माहेरी काय चालते ते आधी विचारा. काच चालत असेल तर एकाच प्रकारची काचेची ताटे दोन्हीकडे वापरता येतात आणि मांडणीवरचा भार एकदम हलका होतो.

नव्या घेतलेल्या धातूच्या आणि काचेच्या भांड्यांना वापरण्यापूर्वी एकदा बुडवून काढण्याचा विधीही आहे आणि त्याला समुद्र चालतो. ती भांडी एखाद्या रविवारी अलिबागच्या किनाऱ्यावर नेलीत तर नातवंडांना मोठी मजा वाटेल.

ताटाकडे येते. आपण हाताने जेवतो आणि डाव्या हाताने वाढून घेतो, त्यामुळे दोन गोष्टी जपाव्या लागतात. मेजावरची मिठाची वाटी आणि लोणच्याची बरणी. मटण खाणाऱ्या बोटांची चिमूट ज्या मिठात गेली तेच मीठ दह्याच्या जेवणात घेऊ नये, असे जुन्या ग्रंथांतही आवर्जून लिहिले आहे. तेव्हा मिठाच्या दोन वाट्या करा, लोणचे बरणीतून वाटीत काढा, आणि मटणाच्या जेवणात उरलेल्या पोळ्या दह्याबरोबर वाढू नका. पोळीच्या कणकेत दूध घालत असाल तर ते बंद करा आणि पोळीला तव्यावर तुपाऐवजी तेल लावा. मग पोळी पार्वे राहील. मेजावरचे कापडही दोन ठेवा.

यजमानांच्या दहीभाताला हात लावू नका. घरात सगळे मटण जेवत असतील आणि त्यांनी आधी मटण खाल्ले नसेल, तर ते त्याच मेजावर बसून दहीभात खाऊ शकतात. अट एवढीच, की एका मेजावर दोन तऱ्हेची जेवणे चालली आहेत याची आठवण देणारी काही खूण मध्ये असावी: त्यांच्या ताटाखाली वेगळे आसन, किंवा दोघांच्या ताटांमध्ये एरवी तिथे नसलेला एखादा तांब्या. ज्या दिवशी दुपारी ते मटण जेवतील त्या दिवशी मात्र सहा तासांची गोष्ट येते. मांसानंतर दुधापर्यंत सहा तास, ही आपल्याकडची रीत आहे. उलट क्रमाने, म्हणजे दुधानंतर मांसासाठी, तोंड खळखळून धुणे, हात धुणे आणि मध्ये काही कोरडे खाणे पुरते. दुपारी एकला मटण झाले तर सातनंतर दहीभात, म्हणजे त्यांचे फारसे अडणार नाही. अडेल तो चार वाजताचा चहा. शनिवारी दुपारी पाहुणे येतात आणि मटणाच्या जेवणानंतर आपला हात सवयीने दुधाच्या पातेल्याकडे जातो. त्या दिवशी कोरा चहा करा, गवती चहा, आले आणि चार पुदिन्याची पाने घालून. शब्बाथच्या आधीच्या तयारीत बसवायचे असेल तर शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी करून थर्मासमध्ये भरून ठेवा. लहान मुलांना सहा तास थांबवायचे की कमी, हे त्यांच्या आई-वडिलांनी त्यांच्या रब्बींना विचारून ठरवावे. आपण त्यात पडू नका.

नारळाच्या दुधाविषयी एक शब्द, कारण सूनबाई कदाचित बिचकतील. मटणाचा पांढरा-पिवळा रस्सा पाहून कोणाला वाटेल की यात दूध आहे. ही शंका शास्त्राला नवी नाही. क्राकोवचे रब्बी मोशे इस्सर्लिस यांनी बदामाच्या दुधात मांस शिजवले असता शेजारी बदाम ठेवावेत असे सांगितले, म्हणजे पाहणाऱ्याला कळेल. आपल्या घरी रश्श्याच्या भांड्याजवळ खोबऱ्याचा एक तुकडा ठेवलात तर त्याच रीतीत बसेल. सोलकढीही बिनधास्त करा, ती पार्वेच आहे. आणि रोश हशानाचा, म्हणजे आपल्या नववर्षाचा, गव्हाच्या चिकाचा हलवा आपण नारळाच्या दुधातच आटवतो, तो मटणाच्या जेवणावरही वाढता येतो.

खरेदी आजच करू नका. दुधाचे आणि पार्वेचे जे आहे ते घासून, आटोपून, मांडून ठेवा. मटणाचा संच मात्र सूनबाई आल्यावर त्यांना बरोबर घेऊन आणा. ताटे कोणत्या घडणीची, लाल फित कुठे बांधायची, कुठले कपाट, हे त्यांना ठरवू द्या. भांडी उकळत्या पाण्यात काढायच्या दिवशी सिनेगॉगमधील जाणकार गृहस्थांना घरी बोलवा आणि शंका त्यांनाच विचारा. सूनबाईंचे रब्बी वेगळे असतील तर कोणत्या एकाचे ऐकायचे ते पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका, कारण दोन ठिकाणांहून दोन उत्तरे आली की भांडण स्वयंपाकघरात होते.

आणि एका कामात सूनबाईंना आपल्याकडूनच शिकावे लागणार आहे. इस्राएलमध्ये कोशर, म्हणजे धर्मनियमांत बसणारे, मटण बाजारातून येते ते आधीच मीठ लावून, धुऊन आलेले असते. आपल्याकडे ते घरी करावे लागते आणि आपण ते आयुष्यभर केले आहे. माझी आई रेवदंड्याला मागल्या दारी वेताची पाटी तिरपी टेकून बसायची, एका बाजूला रक्ताचे पाणी ओघळून जाईल अशी. मटण अर्धा तास पाण्यात, मग पाणी निथळून सगळ्या बाजूंनी जाडे मीठ, तुकडा उलटवून पुन्हा मीठ, एक तास तसेच, आणि नंतर तीन पाण्यांनी धुणे. काळीज वेगळे काढून विस्तवावर भाजायचे, कारण त्यातले रक्त मिठाने निघत नाही. कापल्यापासून ७२ तासांच्या आत हे व्हायला हवे. या कामासाठी मटणाच्या संचात भोकांची एक चाळण आणि एक परात वाढवा, आणि ड्राय बाल्कनीत किंवा मोरीत ती तिरपी कशी टेकायची, मीठ किती जाड आणि किती दाट लावायचे, ते पहिल्या शुक्रवारी सूनबाईंना शेजारी बसवून दाखवा.